शॉर्टफॉर्मचं सोवळं
(युवक शिबिरातलं भाषण)



आज मी अक्षरांवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, लढ्याचे एवढे प्रश्न पडलेत आणि हा काय पोरखेळ! पण ऐका.

आपली पोरं मोबाईलवर रात्र रात्र चर्चा करतात. चांगली गोष्ट आहे. लिहायची घाई असते, म्हणून शब्द तोडतात. माझा शॉर्टफॉर्मवर राग नाही. 'जय भीम'मधला 'भीम' हा तरी काय आहे? भीमराव रामजी आंबेडकर या नावातली दोन अक्षरं. गिरणी कामगारापासून रानातल्या मजुरणीपर्यंत ती सगळ्यांची झाली. त्या दोन अक्षरांनी दार उघडलं. माझं भांडण दार लावणाऱ्या अक्षरांशी आहे.

समजा, गावात जातीवरून मारहाण झाली. पोरगा पोलीस ठाण्यातून लिहितो, 'एनसी झाली'. खाली पन्नास जण लिहितात, 'लढ भावा, आम्ही सोबत आहोत'. सगळ्यांना वाटतं, गुन्हा नोंदला. अरे, एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद! न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3 मधला गुन्हा दखलपात्र असतो. त्याला एफआयआर, म्हणजे प्रथम माहिती अहवालच पाहिजे. त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. 2018 च्या दुरुस्तीनं तर तो नोंदण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही असं स्पष्ट लिहिलंय. पण दोन अक्षरांत फिर्याद गाडली जाते आणि वर घोषणा चालूच राहतात.

दुसरं उदाहरण 'एनएफएस'. राखीव जागांच्या मुलाखतींनंतर निकालात ही तीन अक्षरं दिसतात. अर्थ काय? एकही उमेदवार योग्य आढळला नाही. पूर्ण वाक्य लिहिलं असतं तर वाचणारा विचारेल, कोणाला आढळला नाही? कोणत्या कसोटीवर? तीन अक्षरांना कोण जाब विचारणार?

तिसरं आपल्या घरातलं. 1957 साली रिपब्लिकन पक्ष निघाला. रिपब्लिक म्हणजे प्रजासत्ताक. त्याचं झालं 'रिपाइं' आणि पुढं कंसात नेत्याचं नाव. प्रजासत्ताक अक्षरांत गडप झालं, कंस तेवढा उरला.

आता मला सांगा, चर्चेत पहिल्यांदाच आलेली वस्तीतली पोरगी 'एनएफएस म्हणजे काय?' असं विचारेल? नाय विचारणार. हसतील म्हणून गप्प बसेल आणि चार दिवसांनी निघून जाईल. आपण म्हणू, पोरींना चळवळीत रस नाही! कळणाऱ्यांनी आपसांत बोलायचं, बाकीच्यांनी उंबऱ्याबाहेर थांबायचं, ही रीत कोणाची? हजारो वर्षं ती आपल्यावर चालवली, आता आपणच चालवायची? बाबासाहेबांनी 1920 साली पत्र काढलं, त्याचं नाव 'मूकनायक'. 1927 साली काढलं, ते 'बहिष्कृत भारत'. कोणासाठी बोलतोय हे नावातच उघड लिहिलंय.

म्हणून साधा नियम करू. पहिल्यांदा शब्द पूर्ण लिहायचा, नंतर खुशाल तोडायचा. जो अर्थ विचारेल त्याला हसायचं नाही, सांगायचं. आणि ज्या अक्षरांचा अर्थ आपल्याच तोंडून सांगता येत नाही, ती लिहायचीच नाहीत.

कागदावर कोणी दोन अक्षरं खरडली, तर सही करण्याआधी विचारा, साहेब, याचा पूर्ण अर्थ काय?

जय भीम!