पडद्यावर उरणारी छाया

झाशीचे नाव निघाले की मराठी मनास राणी आठवते, किल्ला आठवतो; तेथील ऊन सहसा आठवत नाही. १८५८ च्या मे महिन्यात झाशीहून काल्पीकडे निघालेल्या ह्यू रोजच्या फौजेस कोंच येथे त्याच उन्हाने हैराण केले होते. आजही मे महिन्यात तेथील पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. अशा उन्हात दुचाकीस फोन अडकवून घरोघर सामान पोहोचविणारा तरुण, नकाशा दिसावा म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवितो. दीड-दोन वर्षांनी नकाशाच्या पट्टीची फिकट छाया पडद्यावर कायमची उमटते, आणि दुकानदार म्हणतो, ‘हे हमीत बसत नाही.’

इंग्रजीत या दोषास ‘बर्न-इन’ म्हणतात. वस्तुतः येथे काही जळत नाही, झिजते. ओएलईडी जातीच्या पडद्यामागे दिवा नसतो, प्रत्येक सूक्ष्म ठिपका स्वतःच प्रकाशतो. देवळाच्या पायरीचा मधलाच भाग झिजावा, तसे जे ठिपके अधिक वेळ व अधिक तेजाने उजळले ते लवकर मंदावतात. निळ्यांचे आयुष्य सर्वांत थोडे. उष्णता ही झीज वाढविते. फार तापलेला फोन आपला उजेड आपणच कमी करतो.

दीर्घ वापरानंतर असे फरक दिसणे अपेक्षितच आहे, हे ॲपलने उघडपणे सांगितले आहे. ठीक. परंतु २००० निट्सहून अधिक उजेडाची जाहिरात करून, भर उन्हातही पडदा स्पष्ट दिसेल असे सांगून फोन विकावयाचा, आणि तो उन्हात वापरला की झीज ग्राहकाच्या माथी मारावयाची, हे मला पटत नाही. झाशीत उन्हात फोन पाहणे हा गैरवापर नव्हे, तो रोजचा वापर होय.

हमी बहुधा एका वर्षाची असते, आणि नेहमीची झीज तीतून वगळलेली असते. तथापि हमीपत्राने हात झटकले म्हणजे कायद्यानेही झटकले असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे जाता येते. दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर बोलून पाहावे. दावा जिंकेलच असे मात्र कोणी समजू नये. दोन महिन्यांत उमटलेली छाया आणि तीन वर्षांनी उमटलेली छाया यांत आयोगही भेद करील.

यासाठी पावती जपावी, आणि फोन घेतल्यावर अधूनमधून संपूर्ण पडद्यावर करडा रंग आणून पाहावे. छाया काही वेळाने मावळली तर ती तात्पुरती. न मावळल्यास त्याच दिवशी तारखेसह छायाचित्र काढून, हमीची मुदत संपण्यापूर्वी लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी.