बेवारस रसायने आणि गोदी कामगार

(चेन्नई येथील प्रशिक्षण शिबिरात मुंबई, न्हावा-शेवा व मुरगाव बंदरांतील प्रतिनिधींपुढे केलेले भाषण)



ज्या शहरात १ मे १९२३ रोजी कॉम्रेड सिंगारवेलू यांनी देशातला पहिला मे दिन साजरा केला, त्या शहरात आज आपण जमलो आहोत. विषय धोकादायक रसायनांची साठवण व वाहतूक हा आहे. त्याची सुरुवात आम्ही येथून जवळच असलेल्या मणलीच्या एका कंटेनर यार्डापासून करतो.

२०१५ साली परदेशातून आलेले अमोनियम नायट्रेट कस्टम्सने जप्त केले. वाद न्यायालयात गेला आणि माल यार्डातच राहिला. ३७ कंटेनर, सुमारे ६९७ टन! त्याच वर्षीच्या पुरात त्यातला काही भिजून वाया गेला. उरलेला पाच वर्षे तसाच पडून होता. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात याच रसायनाच्या सुमारे २,७५० टनांचा स्फोट झाला. तोही जप्तीचाच माल होता आणि सहा वर्षांपासून गोदामात होता. दोनशेहून अधिक माणसे मेली. आग विझवायला गेलेल्या दहा जणांच्या पथकातले कोणीही परतले नाही. आत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

त्यानंतर चेन्नईत चक्रे फिरली. आठवडा उलटण्याआधी पहिले कंटेनर हैदराबादकडे रवाना झाले. जे काही दिवसांत होऊ शकले, ते पाच वर्षे का झाले नाही? माल सुरक्षित आहे, दोन किलोमीटरच्या आत वस्ती नाही, असा खुलासा कस्टम्सने केला होता. आमचा प्रश्न साधा आहे. त्याच आवारात पाळ्यांत राबणारे क्रेनचालक, हमाल, ट्रकचालक, रात्रीचे पहारेकरी हे कोणत्या मोजणीत धरायचे?

मित्रहो, हे रसायन स्वतः सहजासहजी पेटत नाही. मात्र आगीला ते प्राणवायू पुरवते. डिझेल, तेल, गंधक किंवा लाकडाचा भुसा त्यात मिसळला आणि बंदिस्त जागेत उष्णता वाढली, तर ते स्फोटक होते. म्हणून सांडलेली पूड भुशाने टिपायची नाही. गळक्या फोर्कलिफ्टला त्या शेडमध्ये प्रवेश नाही. फुटलेली पोती स्वच्छ पिशवीत वेगळी ठेवायची. दमट हवेत त्याचे दगडासारखे ढेकूळ होते. ते फोडण्यासाठी सुरुंग लावल्यावर काय होते, हे जर्मनीतील ओपाऊ गावाने १९२१ साली पाहिले. आग लागलीच तर ती झाकून विझत नाही, कारण प्राणवायू तिच्या पोटातच असतो. सुरुवातीलाच भरपूर पाणी मारावे लागते. आग मालापर्यंत पोचली असेल तर माणसे दूर न्यावी लागतात.

आपल्या मुंबईला हा धडा फार महागात मिळाला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. एकाच खणात कापसाच्या गाठी आणि स्फोटके भरलेली होती. त्या दिवशी ६६ अग्निशामक जवान बळी पडले. त्यांच्याच स्मरणार्थ दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळला जातो. गोदी कामगार व आसपासचे रहिवासी किती गेले, याचा नेमका हिशेब आजही लागलेला नाही. पुढे १४ जुलै २०१० रोजी शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षे पडून असलेल्या क्लोरिनच्या सिलिंडरमधून गळती झाली. शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. म्हणजे मणली असो वा शिवडी, मूळ रोग एकच. मालाला धनी उरत नाही, कागद कचेरीत राहतो आणि माल मात्र कामगाराच्या उशाशी.

नियम नाहीत असे नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संहितेनुसार अमोनियम नायट्रेट हा ५.१ वर्गातला माल आहे. पिवळे लेबल, त्यावर वर्तुळ आणि ज्वाला; नेहमीच्या प्रकाराचा यू.एन. क्रमांक १९४२. तो इंधनापासून व ज्वालाग्राही मालापासून वेगळाच ठेवावा लागतो. रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी माल पाठवणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे. वाहनावर सूचनाफलक हवा आणि धोक्याची लेखी माहिती चालकाच्या हाती हवी. २०१२ चे अमोनियम नायट्रेट नियम २०२१ साली सुधारले गेले. जप्त मालाच्या त्वरित लिलावाची तरतूद तेव्हा झाली. गोदी कामगारांच्या सुरक्षेचा १९८६ चा कायदा २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. कायद्याचे नाव काहीही असो, पाळीवर त्याची अंमलबजावणी संघटनेलाच करून घ्यावी लागते.

म्हणून प्रत्येक युनिटने चार मागण्या लेखी द्याव्यात. एक, मालाला हात लावण्याआधी त्याचे नाव, वर्ग व उपाय कामगाराच्या भाषेत टोळीच्या मुकादमाकडे पोचले पाहिजेत. दोन, लेबल फाटलेला, गळका किंवा फुगलेला ड्रम कोणी हलवणार नाही आणि त्याबद्दल मजुरी कापली जाणार नाही. रिकामे पिंप व सिलिंडर आत अंश उरला असल्याचे धरूनच हाताळायचे. पिंपाचे बूच आणि सिलिंडरच्या झडपेचे टोपण घट्ट लावल्याशिवाय ते गाडीत चढवायचे नाहीत. तीन, जप्त व बेवारस रसायनांची यादी दर महिन्याला सुरक्षा समितीपुढे आली पाहिजे आणि प्रत्येक नोंदीपुढे ते हलवण्याची तारीख हवी. चार, हे सारे हक्क कंत्राटी कामगारालाही मिळाले पाहिजेत, कारण सर्वांत धोक्याचे काम आज त्याच्याच वाट्याला येते.

आपापल्या बंदरात परतल्यावर पहिल्याच बैठकीत ही यादी मागा. ती मिळत नसेल तर आपण कशाच्या शेजारी काम करतो, हे आपल्याला ठाऊक नाही एवढे तरी सिद्ध होईल. लढ्याची सुरुवात करायला तेवढे पुरेसे आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!