चांद्याचा समुद्र

चंद्रपूरच्या माणसानें समुद्रावर बोलावें, हें मारवाड्यानें होडी वल्हविण्याचे धडे देण्यासारखें आहे, असें आपणांपैकीं कोणास वाटल्यास मी रागावणार नाहीं. आमच्या मुलखाला वाघ आहेत, साग आहे, बांबू आहे, कोळसा आहे. मे महिन्याचें ऊन तर शेजाऱ्यांना उसनें द्यावें इतकें आहे. परंतु समुद्र नाहीं. जवळांत जवळचा समुद्र शोधूं गेलें तर तोही कोंकणचा नव्हे, पूर्वेकडील आंध्र किनाऱ्याचा निघतो. असें असतां हा विषय मीं कां घेतला, हें आधीं सांगितलें पाहिजे.

गेल्या हिवाळ्यांत माझ्या पुतणीनें आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठीं पाणबुड्याचें एक शिरस्त्राण तयार केलें. आमच्या माळ्यावर आजीच्या वेळचा तांब्याचा एक गळका हंडा पडून होता. तिनें तो कासाराकडे नेऊन त्याला समोर गोल खिडकी पाडून घेतली. खिडकीच्या कांचेभोंवतीं जुन्या स्टोव्हच्या पितळी टाकीची कड कापून बसविली. आणि हंडा डोक्याला बोंचूं नये म्हणून आंतून बुरडाकडून बांबूच्या कामट्यांची जाळी विणून घेतली. तें शिरस्त्राण डोक्यावर चढवून ती माझ्यापुढें उभी राहिली आणि हंड्यांत घुमणाऱ्या आवाजानें म्हणाली, “काका, खरें सांगा. जिनें अजून समुद्रसुद्धां पाहिला नाहीं, तिला हें शोभतें का?” मीं “शोभतें” म्हणून वेळ मारून नेली. आजचें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें जरा सावकाश दिलेलें उत्तर आहे.

हा वेष ज्या जातीच्या कथांतून आला, त्यांच्या नांवांना ‘पंक’ हें शेपूट लावण्याची पाश्चात्त्यांत चाल आहे. १९७६ च्या सुमारास लंडनच्या कांहीं तरुणांनीं फाटके कपडे, जागोजागीं टोंचलेल्या सेफ्टी पिना आणि कर्णकर्कश संगीत यांच्या योगानें प्रतिष्ठित समाजाला वेडावून दाखविण्यास आरंभ केला. त्यांना पंक म्हणत. त्या संगीताचा पहिला भर ओसरला, पण शब्द उरला. १९८३ सालीं ब्रूस बेथके याच्या एका कथेच्या मथळ्यांत तो संगणकयुगाशीं जोडला जाऊन ‘सायबरपंक’ झाला. १९८७ सालीं के. डब्ल्यू. जेटर या कादंबरीकारानें, स्वतःच्या व आपल्या दोघां मित्रांच्या वाफेच्या यंत्रांच्या काळांतील कथांना एका पत्रांतून थट्टेनें तसेंच नांव सुचविलें, आणि ‘स्टीमपंक’ हा शब्द रूढ होऊन बसला. पुढें याच कुळाला समुद्राची एक शाखा फुटली. तिला ओशनपंक म्हणतात.

या शाखेचें लक्षण थोडक्यांत असें सांगतां येईल कीं, तिच्यांत जमिनीवरची सत्ता बुडालेली तरी असते किंवा झुगारलेली तरी असते. १९९५ सालच्या ‘वॉटरवर्ल्ड’ या चित्रपटांत सारी पृथ्वी जलमय झालेली आहे आणि मूठभर माती ही बाजारांतील अत्यंत मोलाची वस्तू झाली आहे. चायना मिएव्हिल यांच्या ‘द स्कार’ या २००२ सालच्या कादंबरींत पळवून आणलेलीं असंख्य जहाजें एकमेकांस बांधून एक तरंगतें शहर उभें केलें आहे. जपानच्या एइइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही चित्रकथा १९९७ सालीं सुरू झाली. आमच्या गल्लींतील ज्या मुलांना सातवाहनांचे राजे क्रमानें सांगतां येत नाहींत, त्यांना त्या कथेंतील चांच्यांचीं नांवें मुखोद्गत आहेत. आपल्या भाषेंत पंक म्हणजे चिखल, एवढें मात्र श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. शेवटीं त्याचें काम पडणार आहे.

या सगळ्या गोतावळ्याचा मूळ पुरुष शोधूं गेल्यास तो फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याच्या घरीं सांपडतो. १८६९-७० मध्यें क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सागरतळाच्या कादंबरीचा नायक कॅप्टन नेमो हा तो पुरुष होय. भा. रा. भागवतांनीं व्हर्न मराठींत आणल्यामुळें आपल्या कित्येक पिढ्यांची त्याच्याशीं बाळपणींच ओळख झाली. लॅटिन भाषेंत नेमो म्हणजे ‘कोणी नाहीं’. हा कोणी नाहीं कोण, याचा उलगडा व्हर्ननें १८७४-७५ च्या दुसऱ्या कादंबरींत केला. तो निघाला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर! १८५७ च्या रणांत लढलेला, घरदार आणि कुटुंब गमावलेला, आणि मग भूमीचा संबंध तोडून समुद्राच्या पोटांत शिरलेला. व्हर्नच्या मनांत प्रथम पोलंडचा एक बंडखोर होता. परंतु रशियांतील ग्राहक दुखावतील म्हणून प्रकाशकानें तें मानलें नाहीं. कारण व्यापारी असो कीं आणखी कांहीं असो, समुद्रकथांतील या आद्य बंडखोराची जन्मभूमि शेवटीं हिंदुस्थान ठरली. तीही कोठें, तर जेथून समुद्र दिसत नाहीं अशा बुंदेलखंडांत.

नेमोची नौका कशी झाली, तें पाहण्यासारखें आहे. तिचा कणा फ्रान्सांत, पंखा ग्लासगोस, यंत्र प्रुशियांत आणि पुढचा सुळा स्वीडनमध्यें घडविलेला. प्रत्येक कारखान्यास निराळ्या नांवानें मागणी गेलेली. आणि सर्व भाग एका निर्जन बेटावर नेऊन नेमोच्या माणसांनीं स्वहस्तें जोडलेले. एकदां नौका पाण्यांत गेल्यावर मात्र जमिनीचें कांहीं घ्यावयाचें नाहीं, असा त्याचा निर्धार. अंगावरचें वस्त्र शिंपल्यांतील प्राण्यांच्या तंतूंचें, अंथरूण समुद्रांतील गवताचें, लेखणी देवमाशाची आणि शाई माकुळाची! ज्यांच्याशीं वैर, त्यांच्या दुकानाची पायरी चढावयाची नाहीं, हा नेम परदेशी कापडाच्या होळ्या पाहिलेल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाहीं. नेमोचें बंड त्याच्या घोषणांत नाहीं, तें त्याच्या शाईच्या दौतींत आहे.

पोषाखाच्या इतिहासांत मात्र या बंडाचें काय झालें, तें पाहिलें म्हणजे थोडें हंसूं येतें. १९८१ सालीं व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लॅरेन या पंक वेषाच्या पुरस्कर्त्यांनीं लंडनमध्यें चांच्यांच्या वेषांचें एक प्रदर्शन केलें. सैल सदरे, रुंद कमरपट्टे आणि चांच्यांसारख्या टोप्या यांची तेव्हांपासून चलती झाली. २०११ सालीं इंटरनेटवर ‘सीपंक’ या नांवाची एक लाट आली. निळेहिरवे रंगविलेले केस, डॉल्फिन मासे, संगणकानें काढलेल्या लाटा, एवढाच तिचा संसार. थट्टेंत जन्मलेली ही लाट पुढल्याच वर्षीं रिहाना या प्रसिद्ध गायिकेच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत पडद्यावर उसळली, तेव्हां मूळचे सीपंक आमची चोरी झाली म्हणून ओरडले. चांच्यांच्या घरीं चोरी झाल्याची ती तक्रार होती!

पण चांचा तरी कोणाला म्हणावें? आपल्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांच्या कागदांत आणि पुस्तकांत चांचा म्हटलें आहे. तेच कान्होजी मराठ्यांचे सरखेल होते, आणि आपल्या पाण्यांतून जाणाऱ्या गलबतांनीं आपलें दस्तक घेतलें पाहिजे, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. परवाना इंग्रजांनीं दिला तर तो कायदा, आणि आंग्र्यांनीं मागितला तर ती चांचेगिरी! १७२९ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं हा न्याय मान्य केला नाहीं. ओशनपंक कथेंतील ध्वज काढून टाकला तर मागें हाच प्रश्न उरतो: समुद्र कोणाचा, आणि तो कोणाचा हें ठरविणारा कोण?

म्हणून या छंदांतील कारागिरीची एक सोपी कसोटी मला सुचते. बाजारांतून प्लॅस्टिकचीं चक्रें आणून टोपीला डिंकानें चिकटविलीं, तर तें सोंग झालें. तें चक्र कांहीं फिरवीत नाहीं. माळ्यावरचा गळका हंडा उतरवून, कासाराशीं हुज्जत घालून, बुरडाच्या शेजारीं बसून कामटी कशी वळते तें पाहून जी वस्तू उभी राहते, ती मात्र कांहीं शिकविते. खऱ्या समुद्रविद्येचा पायाही असाच जमिनीवरच्या हातांचा आहे. १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या कारागिरांनीं मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ नांवाची युद्धनौका बांधली. ती आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभी आहे. ओकाच्या लांकडांतील आम्लानें लोखंडी खिळे खाल्ले जातात. सागाच्या अंगचें तेल लांकडालाही राखतें आणि खिळ्यालाही. तो साग आमच्या आलापल्लीचा नव्हता. पण झाड तेंच, आणि तेंही अरण्यांतलेंच. समुद्रावर सत्ता गाजविणाऱ्यांचीं जहाजें शेवटीं अरण्यांतील कुऱ्हाडीच्या घावावर तरलेलीं होतीं.

आतां चांद्याच्या समुद्राकडे वळतों. राजुरा-कोरपन्याकडे ज्या चुनखडकाच्या खाणी आहेत, तो खडक म्हणजे एका समुद्राचा तळ आहे. पृथ्वीवरील प्राण्यांना शिंपले आणि हाडें येण्यापूर्वीं, म्हणजे चोपन्न कोटी वर्षांच्याही पलीकडे, या भूमीवर समुद्र होता. त्याच्या तळाशीं चुन्याचा बारीक गाळ थरावर थर सांचत गेला. हाच आपल्या भाषेंतला पंक! तो दाबून दाबून दगड झाला आणि भूशास्त्रज्ञांनीं त्याला चांदा चुनखडक असें आपल्याच गांवाचें नांव दिलें. त्याच्या नंतर पुष्कळ काळानें, सुमारें पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीं, येथें दलदलीचीं अरण्यें माजलीं. त्यांचा कोळसा वर्धेच्या खोऱ्यांत सांपडतो. तेव्हां आमच्या पायांखालीं एक समुद्र आणि एक अरण्य अशीं दोन्हीं पुरलेलीं आहेत, आणि आम्हीं दोन्हीं खणून काढून भट्टींत घातलीं आहेत. अरण्य जाळून समुद्र भाजावयाचा, याचेंच नांव सिमेंट.

शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला म्हणजे छप्पन्न किलो चुना उरतो, आणि चव्वेचाळीस किलो कर्बद्विप्राणिद वायू, ज्याला आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों, तो आकाशांत जातो. कोळशाचा धूर त्याहून निराळा. आमच्या दुर्गापूरचें औष्णिक विद्युत केंद्र २९२० मेगावॉट शक्तीचें आहे. त्याच्या चिमण्यांतून निघणारा तो वायूही याच हिशेबांत धरावयाचा. वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता बनते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि मग आमचें पाणी समुद्राला पोंचतें. धुराला इतक्या वळशाची गरज नाहीं. त्या वायूनें पृथ्वीची उष्णता अडून राहते, हिम वितळतें, पाणी फुगतें. १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची पातळी सुमारें वीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत, वर चढली आहे. जगभरच्या भट्ट्यांचें हें काम; परंतु त्यांत आमच्याही चिमण्यांचा हिस्सा आहे. चांद्यांतला पुरलेला समुद्र आकाशमार्गें कोंकणच्या समुद्राला जाऊन मिळतो आहे, असेंच म्हटलें पाहिजे.

मी हें कोणावर आरोप म्हणून सांगत नाहीं. माझें घर सिमेंटचें आहे, आणि ज्या विजेवर हा ध्वनिक्षेपक चालला आहे ती कोळशाची असेल. शिवाय त्या खाणींवर आणि त्या केंद्रावर आमच्या कित्येक घरांची चूल पेटते. पण बुडालेल्या जगाच्या कथा ज्या कारणानें आज सर्वत्र लिहिल्या जात आहेत, तें कारण आमच्या दारांत आहे. २०२२ च्या जुलैंत नद्यांचें पाणी चंद्रपुरांतील सखल वस्त्यांत शिरलें, तेव्हां घरांतील धान्य आणि मुलांचीं पुस्तकें माळ्यावर चढविणाऱ्या बायांना पाण्याखालचें जग ही कल्पना कोणा कादंबरीकारानें समजावून देण्याची जरुरी नव्हती.

तेव्हां माझ्या पुतणीला माझें उत्तर असें आहे. मुली, तुला तें शिरस्त्राण शोभतें. समुद्राची कथा सांगण्याचा हक्क किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाच दिलेला नाहीं. बुंदेलखंडच्या त्या कल्पित राजपुत्राला तो मिळाला, तर चांद्याच्या खऱ्या मुलीला कां मिळूं नये? फक्त एक अट आहे. तुझ्या कथेचा आरंभ निळ्या लाटांनीं आणि डॉल्फिन माशांनीं करूं नकोस; त्या दुसऱ्यांनीं पुष्कळ रंगविल्या आहेत. चुनखडकाच्या खाणीच्या तळाशीं भर दुपारीं जाऊन उभी राहा, आणि तूं एका समुद्राच्या तळाशीं उभी आहेस हें तुझ्या वाचकाला पटव. पुढें कोण कोणाविरुद्ध बंड करतो, आणि कशासाठीं, हें मग तुझें तुलाच सुचेल.

हें सर्व मीं तिला काल वाचून दाखविलें. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “काका, मग हंड्याला आणखी एक झडप बसवावी लागेल. खाणींत धूळ फार असते.”