जन्मगावची वाट

मनुष्य गाव सोडतो, पण गाव त्याला सोडत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ती खरी मानावी, तर अनेक वर्षांनी जन्मगावी परतलेला मनुष्य पहिल्याच दिवशी इतका गोंधळून का जातो, याचा उलगडा होत नाही. गाव त्याच्या ध्यानात असते. परंतु ते त्याने सोडले त्या दिवसाचे असते.

बडोद्याच्या मराठी माणसाचेच उदाहरण घ्यावे. दांडिया बाजारात जन्मलेला, कलाभवनाच्या इमारतीत शिकलेला, पुढे पोटापाण्यासाठी पुण्याकडे गेलेला आणि सत्तरी उलटल्यावर चार दिवसांकरिता परत आलेला एखादा गृहस्थ आपण कल्पावा. रात्रीच्या गाडीने तो पहाटे स्थानकावर उतरतो आणि पाटीवर नाव वाचतो, ‘वडोदरा’. त्याच्या जिभेवर मात्र ‘बडोदे’ आहे. १९७४ मध्ये सरकारी नाव बदलले हे त्याला ठाऊक असते. तरीही क्षणभर आपण परक्या गावी उतरलो की काय, असे त्याला वाटून जाते.

वास्तविक परके वाटावे असे त्या नावात काही नाही. राष्ट्रकूट राजा कर्क याच्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटात ‘वडपद्रक’ या गावाच्या दानाचा उल्लेख आहे. वडांच्या सावलीतले हे गाव. मराठ्यांचे पाऊल तेथे अठराव्या शतकात पडले आणि १७३४ पासून शहर गायकवाडांकडे कायमचे आले. त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य आणि गवई आले, वाडे बांधून राहिले आणि बडोदेकर झाले. पाटीवरचे नाव आपल्या पूर्वजांहूनही जुने आहे, हे ध्यानात आले म्हणजे त्या गृहस्थाचा पहिला रुसवा ओसरतो.

स्थानकाकडून तो काळ्या घोड्यापाशी येतो. बाजूला सयाजीबाग, जुनी माणसे तिला कमाटीबाग म्हणत. पलीकडे विश्वामित्रीचा पूल. त्या नदीत मगरी आजही ऊन खात पडलेल्या दिसतात आणि पुलावरून जाणारी माणसे आजही वाकून त्या पाहतात. पूल ओलांडल्यावर मात्र ओळखीच्या खुणा विरळ होऊ लागतात. ज्या ठिकाणी त्याचा दुमजली वाडा होता, तेथे अनेक मजल्यांची इमारत उभी आहे. अंगणातली विहीर नाही, तुळशीवृंदावन नाही, जिन्याखालची अडगळीची खोली नाही. तो मराठीत चौकशी करतो. उत्तर गुजरातीत येते. उत्तर देणारी बाई अदबीने विचारते, ‘‘काका, पाणी पीशो?’’ तो पाणी पितो, आभार मानतो आणि मुकाट्याने पुढे निघतो. त्याच्या दुःखाला नाव देता येत नाही, कारण अन्याय असा कोणीच केलेला नाही. वाडा त्याच्याच भावंडांनी वाटण्या करून विकला होता.

पुढे रावपुऱ्यात भाऊ तांबेकरांचा वाडा आहे. तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्याच्या भिंतींवरील एकोणिसाव्या शतकातली रंगीत चित्रे पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली राहिली आहेत. लाकडी जिना आणि रंगवलेल्या भिंती पाहून आपले बालपणच येथे कोणी जपून ठेवले आहे, असे त्याला वाटते. तथापि एका दिवाणाचा वाडा राहिला, म्हणून साध्या कारकुनाचे घर परत येत नाही. सुरसागराच्या काठाजवळचे न्यायमंदिर १८९६ मध्ये पूर्ण झाले. इमारत जागच्या जागी आहे. आतली न्यायालये मात्र २०१८ मध्ये नव्या वास्तूत गेली.

अशा वेळी जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा मोह अनावर होतो. पण त्या दिवसांचा हिशेब पुरा मांडला पाहिजे. गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला एक खोली कोणी दिली नाही. पारशी धर्मशाळेतला आसराही सुटला, तेव्हा त्यांनी परतीच्या गाडीपर्यंतचा वेळ याच कमाटीबागेत काढला. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आपला वाडा गेला म्हणून हळहळणाऱ्या गृहस्थाने या झाडाखाली घटकाभर उभे राहावे. ज्या वाड्यांची आठवण त्याला येते, त्यांची दारे त्या दिवशी बंद होती.

मग या गावात आपले म्हणावे असे काय उरले? याचे उत्तर त्याला मांडवीच्या बाजूला मिळते. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या उभारणीसाठी सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आणविले होते. उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोहोचावा म्हणून पुस्तकांच्या दालनात काचेची जमीन आणि लोखंडी फडताळे बसविली गेली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून खेडोपाडी धाडणारी फिरती ग्रंथालयेही याच योजनेतून निघाली. त्याच राज्याने १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. वाचायला शिकलेल्याला पुस्तकही मिळावे, हा त्यामागचा सरळ विचार. लहानपणी ज्या काचेवरून चालताना पाय थरथरले होते, त्या काचेची आठवण काढीत तो गृहस्थ दाराशी उभा राहतो. येथे त्याला कोणी परका म्हणत नाही, कारण ही वास्तू कोणा एकाच्या वाटणीला आलेलीच नव्हती.

ज्याने हे सर्व उभारले तो राजाही मूळचा बडोद्याचा नव्हता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाला. त्याचे जन्मगाव कवळाणे. पण त्याचे गाव कोणते, असे विचारले तर सारा देश बडोद्याचेच नाव घेईल. म्हणजे गाव जन्माने मिळते तसे कष्टानेही मिळते. आज त्या दुमजली वाड्याच्या जागी राहणारी गुजराती बाईही अशीच कोठून तरी येऊन बडोदेकर झालेली असेल.

मराठीचेही तसेच आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची उमेदीची वर्षे बडोद्याच्या नोकरीत गेली. माधव जूलियन यांचा जन्म १८९४ मध्ये याच शहरात झाला. मराठी साहित्य संमेलन येथे १९०९, १९२१ व १९३४ मध्ये भरले. नंतर मध्ये ८४ वर्षे गेली आणि २०१८ मध्ये ते पुन्हा भरले. एवढ्या अवधीत भाषा घरातून बरीचशी ओसरली, हे नाकारता येणार नाही. पण ती शहरात मुरलीही. मराठी स्वयंपाकघरातल्या उसळीवर गुजराती शेव पसरून बडोद्याने सेवउसळ केली, आणि आज ती खाणारा कोणीही तिची जात विचारीत नाही.

परतणाऱ्या माणसाला यातून एकच गोष्ट समजावी. जन्मगाव ही वडिलोपार्जित मिळकत नव्हे, की जी मागे ठेवली तशीच परत मिळावी. जे सर्वांसाठी उभारले गेले, तेवढेच टिकते आणि तेवढेच आपल्यालाही पुन्हा भेटते. म्हणून त्या गृहस्थाने रिकाम्या हाताने परत फिरू नये. आजोबांची मोडी पत्रे, वाड्याची एखादी जुनी तसबीर, पेठेतली कोणती घरे कोणाची होती याची त्याला आठवणारी यादी, हे सारे त्याच्या ट्रंकेत आणखी दहा वर्षांनी वाळवी खाईल. ते गावातल्या एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे, आणि आठवते ते आजच लिहून काढावे. त्याचा वाडा राहिला नाही; परंतु तो होता हे पुढच्या बडोदेकराला, मग त्याची भाषा कोणतीही असो, कळण्याची सोय त्याच्याच हाती आहे.