आधी पिसू, मग उंदीर
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



प्लेग हा आरोग्य खात्याचा विषय. तो शिक्षकांपुढे कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु या रोगाची पहिली खूण गावात पुष्कळदा मुलांच्याच दृष्टीस पडते. ती खूण म्हणजे उंदीर पडणे.

माणसाला गाठ येण्यापूर्वी उंदीर मरतात, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. उंदीर पडू लागले की ते घर सोडून रानात झोपड्या घालून राहत. उंदराचा रोग माणसाकडे कसा येतो, हे मात्र पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले. मधला दुवा आहे पिसवेचा. रोगजंतू पिसवेच्या पोटात वाढून तिचा अन्नमार्ग बुजवितात. भुकेलेली पिसू मग पुनःपुन्हा चावते आणि चावताना जंतू जखमेत ओकते. उंदीर मरून थंड पडला की ती त्याला सोडते व दुसरे ऊबदार अंग शोधते. जवळ दुसरा उंदीर नसला, तर ते अंग माणसाचे असते.

या रोगाचे मूळ घर मात्र रानात आहे. शेतांतील व रानांतील उंदरांच्या काही जाती तो सोसून जगतात. म्हणून तो बिळांत वर्षानुवर्षे धुमसत राहतो. रानउंदीर व घरउंदीर एकत्र आले की पिसवांची अदलाबदल होते. इतर वन्य प्राण्यांनाही त्याची बाधा होते. २००२ साली हिमाचल प्रदेशातील शिमला जिल्ह्यात एका शिकाऱ्याने आजारी रानमांजर मारून सोलले. त्याला फुप्फुसाचा प्लेग झाला. हा प्रकार खोकल्यावाटे माणसाकडून माणसाला लागतो. त्या साथीत १६ जण आजारी पडले व ४ दगावले.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. १९९४ च्या श्रावणात मी मराठवाड्यातील एका खेड्यात नवशिका शिक्षक होतो. गणिताच्या तासाला एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आमच्या बळदात उंदीर मरून पडलेत." मी म्हणालो, "खाली बैस, उदाहरण सोडव." पुढे काही आठवड्यांतच बीड जिल्ह्यातील मामला गावच्या प्लेगाची वार्ता आली. तेथेही आधी उंदीर पडले होते व पिसवा वाढल्या होत्या. आमच्या गावावर काही अनर्थ ओढवला नाही; पण ते आमचे दैव, माझे शहाणपण नव्हे.

म्हणून आपणांस माझे सांगणे असे. मेलेल्या उंदराला किंवा रानातल्या आजारी प्राण्याला हात लावू नये, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. कारण न कळता एकाच जागी अनेक उंदीर पडले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. पोषण आहाराची पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावीत. आणि मुख्य गोष्ट ही की, उंदीर पडू लागल्यावर गावकरी घाईने विषाच्या गोळ्या टाकू लागले, तर त्यांना थांबवावे. उंदीर मेले की त्यांच्या अंगावरील पिसवा माणसांवर येतात. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांकडून आधी पिसवांवर औषध मारून घ्यावे. उंदरांचा बंदोबस्त त्यानंतर. कोणाला एकाएकी जोराचा ताप येऊन जांघेत, काखेत वा मानेत दुखरी गाठ आली, तर त्याला तत्काळ दवाखान्यात पाठवावे. वेळेवर औषध मिळाल्यास हा रोग बरा होतो.

सावित्रीबाई फुले यांनी १८९७ साली पुण्यात प्लेगाच्या रुग्णांची सेवा करताना देह ठेवला. त्या काळी या रोगावर रामबाण औषध नव्हते. आज ते आहे. त्यांनी प्राण दिले. आपणांकडे तेवढे मागणे नाही. वर्गात एखादे मूल उठून उंदीर पडल्याचे सांगू लागले, तर हातातला खडू खाली ठेवून त्याचे ऐकावे, एवढीच विनंती आहे.