दीपधारिणी आणि तिचा चित्रकार



हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताच्या ओंजळीने ज्योत जपणारी ती स्त्री आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. कुणाच्या घरी ती दिनदर्शिकेवर होती, कुणाच्या दिवाणखान्यात चौकटीत. पण हे चित्र कुणाचे, असे विचारले तर अनेकजण आत्मविश्वासाने सांगतात, ‘राजा रविवर्म्याचे!’ रविवर्म्याबद्दल आपल्या मनात नितांत आदर आहेच. परंतु त्यांचे निधन १९०६ साली झाले आणि हे चित्र रंगले ते १९४५-४६ च्या सुमारास. त्याचे कर्ते आपल्या सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. मूळ चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे.

हळदणकरांचा जन्म १८८२ चा. लाकडी खेळणी आणि गंजिफा यांसाठी ख्यातकीर्त असलेल्या सावंतवाडीत ते वाढले. तेथील संस्थानिकांच्या आश्रयाने १९०३ साली ते मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात दाखल झाले. धुरंधरांसारखे गुरू तेथे लाभले. शरीररचना, छायाप्रकाश, पोत यांचा काटेकोर अभ्यास हा त्या शिक्षणाचा पाया होता. समोर बसलेल्या माणसाची त्वचा, वस्त्राची चुणी, डोळ्यांतील थकवा हे सारे जसेच्या तसे टिपायचे आणि तरीही त्याचे मन हरवू द्यायचे नाही, हे वास्तववादी व्यक्तिचित्रकाराचे व्रत. ते त्यांनी आयुष्यभर पाळले. १९२५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले, ते ‘मोहमेडन पिल्ग्रिम’ या चित्राला. एका यात्रेकरूच्या मुद्रेवरील श्रद्धा तितक्याच आत्मीयतेने पाहणारी ही दृष्टी होती.

केवळ स्वतःची कीर्ती वाढवून ते थांबले नाहीत. १९०८ साली त्यांनी मुंबईत कलासंस्था काढली आणि पिढ्या घडवल्या. १९१८ साली सहकाऱ्यांसह ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ ची स्थापना केली. इंग्रजी अमदानीत आपल्या कलावंतांना हक्काचे व्यासपीठ मिळवून देणे, ही लहान गोष्ट नव्हती.

आता पुन्हा त्या चित्राकडे वळू. ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे; आणि येथेच त्याची थोरवी आहे. तैलरंगात चुकले तर वरून दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. उजेड कोठे राहणार हे आधीच ठरवून ती जागा राखून ठेवावी लागते. एकदा काळोख उतरला की तेथे पुन्हा प्रकाश आणणे जवळजवळ अशक्य. बोटांच्या कडांतून झिरपणारी तांबूस प्रभा, चेहऱ्यावरील मंद उजेड, मागे पसरलेली सावली: साठी उलटलेल्या हातांनी हे साधले. समोर उभी होती ती त्यांचीच कन्या, गीता. पुढे कोल्हापूरच्या उपळेकर घराण्यात गेलेल्या गीताताई शंभरी ओलांडून २०१८ साली निवर्तल्या.

स्वातंत्र्यानंतर कलेचे वारे फिरले. वास्तववाद ‘जुनाट’ ठरला. १९६८ साली हळदणकर गेले आणि चित्र घरोघरी राहूनही नाव मात्र पुसट होत गेले. नव्या कलेचे स्वागत अवश्य व्हावे. पण त्यासाठी जुन्या साधकांना विस्मृतीत ढकलण्याचे कारण नाही. कवितेखाली कवीचे नाव नसेल तर आपण अस्वस्थ होतो. चित्राच्या बाबतीत ही अस्वस्थता का नसावी?

म्हणून एवढीच विनंती. आपल्या घरात ही दीपधारिणी असेल, तर चौकटीच्या मागे स्वच्छ अक्षरांत लिहा: चित्रकार, सावळाराम हळदणकर, सावंतवाडी. आणि ते नाव मुलांना मोठ्याने वाचायला सांगा.