‘किम’: पडद्यावरचा हेर आणि वाटेवरचे पंडित



1950 साली मेट्रो-गोल्डविन-मायर कंपनीने काढलेला ‘किम’ हा रंगीत चित्रपट तुमच्यापैकी ज्येष्ठ मंडळींनी पाहिला असेल. लाल दाढीचा एरल फ्लिन त्यात पठाणी घोडेवाला महबूब अली झाला होता आणि किमच्या भूमिकेत होता डीन स्टॉकवेल, चौदा वर्षांचासुद्धा नसलेला पोरगा. दिग्दर्शक व्हिक्टर सॅव्हिल. साहसपटांच्या यादीत त्याचं नाव आजही मानाने घेतलं जातं. मला तो आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. पण त्यातलं सर्वांत खरं काय आणि त्यातून निसटलं काय, हे आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. किंबॉल ओ’हारा हा आयरिश सैनिकाचा पोरका मुलगा लाहोरच्या गल्ल्यांत वाढतो. त्याला एक तिबेटी लामा भेटतो. बाण पडला तिथे उगम पावलेल्या, पापं धुऊन नेणाऱ्या एका नदीच्या शोधात हा लामा निघालेला असतो. किम त्याचा चेला होतो. त्याच वेळी महबूब अली त्याच्या हाती एक निरोप देतो आणि पोरगा इंग्रजांच्या हेरखात्याच्या कामात ओढला जातो. उत्तरेकडून रशिया सरकतो आहे, या भीतीने चाललेलं ते काम. मूळ कादंबरी रुडयार्ड किपलिंगची, 1901 सालची. किपलिंग आपल्या मुंबईत जन्मला, 1865 साली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग तिथे शिल्पकला शिकवत आणि क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पं ही त्यांचीच कामगिरी. पुढे ते लाहोरच्या संग्रहालयाचे प्रमुख झाले. कादंबरीची सुरुवात त्या संग्रहालयासमोरच्या झमझमा तोफेवर होते, ती त्यामुळेच.

आता हा चित्रपट 1950 सालीच का आला? कंपनीने त्याची घोषणा 1938 मध्येच केली होती. मग महायुद्ध आलं. 1942 मध्ये पुन्हा जुळवाजुळव झाली, मिकी रूनीला किम करायचं ठरलं आणि तेही बारगळलं. एक तर रशिया तेव्हा दोस्त राष्ट्रांत होता, त्याला खलनायक कसं करायचं? दुसरं कारण आपल्याला अभिमान वाटावा असं आहे: हिंदुस्थानी प्रेक्षक दुखावेल, ही धास्ती. ती उगाच नव्हती. 1938 साली ‘द ड्रम’ हा साम्राज्याची आरती ओवाळणारा चित्रपट मुंबईत लागला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. पाठोपाठ ‘गंगा दीन’वरही टीकेची झोड उठली. बाबुराव पटेलांचं ‘फिल्मइंडिया’ हे मासिक मुंबईतूनच निघत असे आणि हिंदुस्थानची बदनामी करणाऱ्या परदेशी चित्रपटांना त्यांनी अक्षरशः सळो की पळो करून सोडलं होतं. हॉलिवूडच्या कचेरीतल्या फायली इथल्या प्रेक्षकाच्या रागामुळे बंद व्हाव्यात, ही साधी गोष्ट नाही. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने होकार दिला, तोवर शीतयुद्धही सुरू झालं होतं आणि रशियन खलनायक पुन्हा चालण्याजोगा झाला होता.

चित्रीकरणाचा काही भाग भारतात झाला. लखनौच्या ला मार्टिनियर शाळेची भव्य इमारत पडद्यावर किमची शाळा म्हणून दिसते. पण हिमालयाच्या पायथ्याची वाट म्हणून जे खडक दिसतात, त्यांतले बरेचसे कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनचे. आणि माणसं? अफगाण महबूब अली टास्मानियात जन्मलेला, तिबेटी लामा बुडापेस्टचा पॉल लुकास, बंगाली हेर हरी बाबू दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला सेसिल केलवे. लुकासने लामा फार मायेने उभा केला आहे, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. तरी तोंडाला रंग फासून हिंदुस्थान उभा करायचा ही त्या काळची रीत मला आजही खुपते.

आता गोष्टीतल्या एका दुकानाकडे वळू. सिमल्याला लर्गन साहेबाचं दुकान आहे, जडजवाहीर, मुखवटे, जुन्यापान्या वस्तूंनी गच्च भरलेलं. किमला हेरगिरी शिकायला इथे पाठवतात. बंदूक नाही, घोडा नाही, तलवार तर नाहीच. लर्गन तांब्याच्या तबकात मूठभर खडे टाकतो. हवा तितका वेळ बघायचं. मग वरून कागद झाकायचा आणि सांगायचं, काय होतं. कादंबरीतला हा प्रसंग मी कितीदा वाचला तरी कंटाळा येत नाही. खडे पंधरा. किम रंग सांगतो, एकाला भोक आहे हे सांगतो, तेरापर्यंत येतो आणि अडकतो. दुकानातला लहान हिंदू पोरगा मात्र उरलेले तर सांगतोच, शिवाय कुठल्या खड्यावर चरा आहे आणि कुठला किती रत्तीचा, हेही घडाघडा म्हणून दाखवतो. किम चिडतो, पुन्हा खेळू म्हणतो, पुन्हा हरतो. त्याला हरवणारा पोरगा त्याच्याहून लहान आणि नेटिव्ह आहे, हे किपलिंगने लिहून ठेवलं आहे. ‘पाहिलं’ आणि ‘ध्यानात ठेवलं’ यांत केवढं अंतर असतं, ते त्या तबकाभोवती बसल्यावर कळतं. बेडन-पॉवेलने 1908 मध्ये हाच खेळ बालवीरांच्या शिक्षणात घेतला. शाळेत स्काउटमध्ये असलेल्यांनी रुमालाखाली झाकलेल्या वस्तू आठवून लिहिल्या असतील, तो हाच ‘किमचा खेळ’.

कादंबरीतला आणखी एक प्रसंग मराठी वाचकाने मुद्दाम वाचावा. आगगाडीच्या डब्यात किमला एक घाबरलेला, किडकिडीत माणूस भेटतो. तो मराठा आहे आणि तोही याच खात्याचा हेर, क्रमांक ई-23. खोट्या आरोपाखाली पोलीस त्याच्या मागे लागले आहेत, दिल्ली स्टेशनावर त्याला धरणार हे नक्की. डब्यात एक जाट शेतकरी आजारी पोराला घेऊन बसला आहे, लामा ध्यानात आहे आणि गाडी धावते आहे. तेवढ्या वेळात किम त्या मराठ्याचे कपडे उतरवतो, अंगाला राख फासतो, कपाळावर खूण काढतो, डोळे तांबडे व्हावेत म्हणून अफू देतो. दिल्लीला उतरतो तो अफूच्या धुंदीतला साधू. महाराष्ट्राबाहेर गाजलेल्या या कादंबरीत आपला माणूस एवढाच येतो, पण किमची पहिली खरी परीक्षा त्याच्यावरच होते.

चित्रपटाचा उत्तरार्ध मात्र वेगळ्या वाटेला लागतो. फ्लिन एवढा मोठा नट, त्याला नुसता निरोप्या कसा ठेवणार? म्हणून शेवटी महबूब अली धावून येतो, मारामारी होते, पराक्रम होतो. कादंबरीत रशियनांचे कागद हाती लागतात ते किम आणि हरी बाबूच्या डोक्याने आणि पायांनी. लठ्ठ, भित्रा, बडबड्या वाटणारा हा बंगाली बाबू शत्रूचा वाटाड्या होऊन त्यांना डोंगरातून हिंडवतो आणि कोणाला पत्ता लागू देत नाही. चित्रपटाने त्याची ही कामगिरी फ्लिनच्या ओंजळीत टाकली. माझी खरी तक्रार इथे आहे.

कारण हरी बाबूसारखी माणसं होऊन गेली आहेत. भारतीय सर्वेक्षण खात्याने ज्यांना ‘पंडित’ म्हटलं, ती ही माणसं. शरच्चंद्र दास हे त्यांतलेच एक, आणि हरी बाबू त्यांच्यावरून बेतला असं मानतात. कुमाऊंमधल्या मिलम गावचे नैनसिंग रावत हे आणखी एक. युरोपियन माणसाला तिबेटात पाऊल टाकता येत नव्हतं, म्हणून कॅप्टन माँटगोमेरी यांनी या डोंगरी शिक्षकाला डेहराडूनला तयार केलं. चढ असो, उतार असो, पाऊल एकाच मापाचं पडलं पाहिजे: मैलाला दोन हजार पावलं. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे माळ पुरी झाली की पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींच्या चिठ्ठ्या. पाणी किती अंशांवर उकळतं ते पाहून उंची काढायची. अशी पावलं मोजत नैनसिंग 1866 च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले आणि ल्हासाची जागा नकाशावर पक्की केली. 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. आपल्या टपाल खात्याने तिकीट काढलं ते 2004 मध्ये.

हे काम परक्या सरकारसाठी झालं, त्या नकाशांवरून पुढे फौजा गेल्या, हे मी विसरलेलो नाही. समीक्षक एडवर्ड सईद यांनी ‘किम’बद्दल दाखवून दिलं आहे की साम्राज्याची सेवा करताना नायकाच्या मनात कसलाच झगडा उभा राहत नाही, कारण किपलिंगला तो दिसतच नाही. ही टीका मला पटते. पण पावलं मोजणाऱ्या माणसाची चिकाटी तेवढ्याने लहान होत नाही.

किंथुपचं नाव तर नैनसिंगांहूनही कमी लोकांना ठाऊक आहे. सिक्कीमचा हा निरक्षर माणूस 1880 साली एका चिनी लामाबरोबर तिबेटात गेला. त्सांगपो हीच ब्रह्मपुत्रा का, हे शोधायचं होतं. लामाने त्याला गुलाम म्हणून विकलं आणि तो पसार झाला. किंथुप निसटला, पुन्हा सापडला, एका मठात राबला. तरी त्याने ठरल्याप्रमाणे खुणा केलेले पाचशे ओंडके तयार केले आणि रोज पन्नास याप्रमाणे नदीत सोडले. खाली आसामात ते पाहायला कोणी नव्हतं, कारण त्याचा निरोप वेळेत पोहोचलाच नाही. 1884 मध्ये तो परतला, तेव्हा त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला फारसं कोणी तयार नव्हतं. तो दार्जिलिंगला शिवणकाम करून पोट भरू लागला. 1913 मध्ये बेली आणि मोर्सहेड हे इंग्रज अधिकारी त्या खोऱ्यात उतरले, तेव्हा त्याचं सांगणं बहुतांशी बरोबर ठरलं. बेलींनी पाठपुरावा केला म्हणून म्हातारपणी त्याला हजार रुपये मिळाले, आणि थोड्याच काळात तो गेला.

तेव्हा ‘किम’ जरूर पाहा, मुलांना दाखवा, लर्गनच्या दुकानापाशी थांबून त्यांच्याशी बोला. आणि इथे शिक्षक मंडळी मोठ्या संख्येने बसली आहेत, त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: यंदा ब्रह्मपुत्रेचा धडा आला की पुस्तकात असो वा नसो, किंथुपचं नाव फळ्यावर लिहा.